शीतसाखळीच्या टोकाला उघडे हात

जानेवारीतली पहाट. कुलाब्याच्या ससून डॉकवर उजाडण्याच्या आधीच ट्रॉलर धक्क्याला लागलेले असतात. बोटीच्या पोटातल्या खणातून मासळीच्या टोपल्या वर येतात, हातोहात धक्क्यावर जातात आणि दिव्यांच्या उजेडात लिलाव पुकारला जातो. बर्फाच्या लाद्या यंत्रात घालून त्यांचा चुरा होतो, ओल्या फरशीवरून हातगाड्या ‘बाजूला व्हा’ म्हणत धावतात. तासाभरात पापलेट, सुरमई, बांगडा गाड्यांवर चढून बाजाराकडे निघतो. बंदराचे दुसरे काम मात्र त्यानंतर सुरू होते. शेडमध्ये कोळंबीचे आणि माकलाचे ढीग पडतात, त्यांच्याभोवती बायका बसतात. डोके मोडायचे, साल काढायची, पाठीतला काळा दोरा ओढायचा, सोललेला दाणा बर्फाच्या पाण्यात टाकायचा. दुपारपर्यंत हेच.

पारा सोळा-सतरा अंशांवर आला, की मुंबईत थंडीची बातमी होते. या बायकांचे हात मात्र शून्य अंशाच्या आसपासच्या पाण्यात बुडालेले असतात, तेही नोव्हेंबर ते फेब्रुवारीच नव्हे, तर पावसाळी बंदीचे दोन महिने सोडून वर्षभर. हिवाळ्यात फरक एवढाच, की पहाटेचे मतलई वारे अंगावर घेत बसल्याने हात पुन्हा गरम व्हायला वावच मिळत नाही. आणि समुद्र शांत असतो, बोटी नियमित येतात, म्हणून कामही भरपूर असते.

ससून डॉक १८७५ मध्ये सुरू झाला, कापसाच्या व्यापारासाठी. त्याला आता दीडशे वर्षे झाली. या निमित्ताने नाही, पण योगायोगाने याच सुमारास मासेमारीबाबत काही मोठे निर्णय झाले. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीच्या समकक्ष दर्जा दिला. मुंबईपासून रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापर्यंत बंदरांच्या आधुनिकीकरणाची कामे हाती घेण्यात आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. वीज, कर्ज, विमा, जेटी, शीतगृह या सगळ्यांची चर्चा झाली. मासळी हाताळणाऱ्या माणसाच्या आरोग्याची मात्र फारशी झाली नाही. ती व्हायला हवी, कारण बंदरातली बहुतेक दुखणी ओळखता येण्याजोगी आहेत आणि त्यांतली बरीचशी टाळताही येतात.

बर्फ हवाच, पण…

बर्फाला दोष देऊन चालणार नाही. तो नसता तर मासळी शहरापर्यंत पोचलीच नसती. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. मासळी ताजी राहते ती यामुळेच. बांगडा, कुपा, सुरमई यांसारख्या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा उबेत राहिला तर त्यावरचे जंतू या हिस्टिडीनचे हिस्टामिन करतात. एकदा तयार झालेले हिस्टामिन शिजवल्याने जात नाही आणि गोठवल्यानेही जात नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होतो, डोके ठणकते, छाती धडधडते, अंगावर पित्त उठते. पुष्कळदा याला ‘माशाची ॲलर्जी’ समजले जाते. खरे तर तो साठवणुकीतला दोष असतो. म्हणजे घरातल्या ताटातला मासा सुरक्षित राहतो तो समुद्रापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या अखंड थंडाव्यामुळे. यालाच शीतसाखळी म्हणतात.

या साखळीतली एक कडी मात्र यंत्राची नाही. ती माणसाच्या हाताची आहे. बर्फ उष्णता ओढताना मासळी आणि माणूस असा भेद करत नाही. त्यात हात ओले असतात. हवेच्या मानाने पाणी उष्णता सुमारे २५ पट अधिक वाहून नेते. अंगात स्वेटर घालून, डोक्याला स्कार्फ बांधून बसलेल्या बाईचे बाकीचे शरीर उबदार असले, तरी बोटांचे तापमान घसरत जाते.

बोटे आधी दुखतात, मग बधिर होतात

थंडी लागली की शरीर हातापायांकडचा रक्तपुरवठा आवरते घेते. ऊब हृदय, मेंदू अशा अवयवांसाठी राखून ठेवते. बोटे आधी ठणकतात, मग बधिर होतात. बधिरपणा आला की बायका म्हणतात, ‘आता हात चालायला लागला.’ वैद्यकीय दृष्टीने खरी अडचण इथेच सुरू होते. त्वचेचे तापमान साधारण १५ अंशांच्या खाली गेले की बोटांचे कसब कमी होते, आणखी खाली गेले की स्पर्शही नीट कळत नाही. कोळंबीच्या डोक्यावरचा करवतीसारखा काटा टोचतो, सुरी लागते, पण कळत नाही. घरी जाऊन हात धुताना चिरा दिसतात.

वर्षानुवर्षे हे चालले की काही बायकांची बोटे थंडीत पांढरीफटक पडू लागतात. काहींच्या बोटांवर लाल-जांभळी सूज येते आणि ऊब मिळाली की तिथे आग आणि खाज सुटते. मनगटाला एकच हालचाल हजारो वेळा करावी लागते. त्याने मनगटातून जाणारी नस दबते. रात्री झोपेत अंगठ्यात आणि शेजारच्या दोन बोटांत मुंग्या येतात, हात झटकावा लागतो. ही खूण लवकर ओळखली तर पट्टी आणि विश्रांतीवर भागते. उशीर झाला तर अंगठ्याचा मांसल भाग वाळतो आणि पकड जाते.

सतत ओले राहिल्याने त्वचेची तेलकट संरक्षक साय निघून जाते. नखांच्या कडा सुजतात, बोटांच्या बेचक्यांत बुरशी येते. आणि अशा हातांच्या चिरांतून मासळीवरचे जंतू आत जातात.

दोन जंतूंची ओळख

या जंतूंपैकी दोन वाचकांनीही लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण मासळी साफ करताना काटा कुणालाही लागतो. पहिला एरिसिपेलोथ्रिक्स. मासळीच्या अंगावरच्या बुळबुळीत थरात तो राहतो. काटा टोचल्यानंतर दोन ते सात दिवसांत त्या बोटावर जांभळट-लाल, कडेला उठावदार, चांगलीच ठणकणारी सूज येते. पू मात्र होत नाही. साध्या पेनिसिलिनने हा आजार बरा होतो. पण तो ओळखला गेला नाही, तर क्वचित जंतू रक्तात शिरून हृदयाच्या झडपांपर्यंत पोचतो, आणि अशा वेळी रुग्णालयात भरवशाने वापरले जाणारे व्हॅन्कोमायसिन त्याच्यावर चालत नाही.

दुसरा मायकोबॅक्टेरियम मरीनम, क्षयाच्या जंतूचा भाऊबंद. याला घाई नसते. जखम भरून गेल्यावर काही आठवड्यांनी बोटावर किंवा हाताच्या पाठीवर न दुखणारी गाठ येते, मग दंडाच्या दिशेने एकामागून एक गाठी उठत जातात. नेहमीच्या प्रतिजैविकांच्या पाच दिवसांच्या डोसने त्या हलत नाहीत. या जंतूला ३० अंशांच्या आसपासचे तापमान मानवते, म्हणून शरीराच्या आत न जाता तो तुलनेने थंड असलेल्या हातांवरच ठाण मांडतो. यातली मेख अशी, की गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवताना ‘रुग्ण मासळीचे काम करते’ हे कळवले नाही, आणि नमुना नेहमीच्या ३७ अंशांवर ठेवला गेला, तर जंतू नीट वाढतच नाही. अहवाल निरंक येतो आणि गाठी तशाच राहतात. निदान झाले तर एकाहून अधिक औषधे काही महिने घेऊन आजार पूर्ण बरा होतो.

म्हणजे एका प्रश्नाच्या उत्तरावर निदान अवलंबून असते : तुम्ही काम काय करता? इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवरचा ग्रंथ लिहिला, तेव्हा रुग्णाला विचारायच्या प्रश्नांत हा प्रश्न घालावा असा आग्रह धरला होता. सव्वातीनशे वर्षांनंतरही बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत तो राहून जातो. पहाटे चारला घर सोडून आठ तास कोळंबी सोलणाऱ्या बाईच्या केसपेपरवर व्यवसाय म्हणून ‘गृहिणी’ एवढाच शब्द पडतो. चुकीचे निदान पुष्कळदा या शब्दापासूनच सुरू होते.

खोकला आणि न प्यायलेले पाणी

कोळंबी, खेकडा यांच्या मांसात ट्रोपोमायोसिन नावाचे प्रथिन असते. कवचधारी मासळीची ॲलर्जी बहुतेकदा त्याचीच असते. ही ॲलर्जी खाण्यानेच होते असे नाही. सोलताना, धुताना, उकडताना उडालेल्या सूक्ष्म तुषारांतून आणि वाफेतून ते श्वासाबरोबर आत जाते. सुरुवातीला शिंका, डोळ्यांना खाज. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी कोरडा खोकला आणि छातीत घरघर. याला व्यवसायजन्य दमा म्हणतात. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. काम बंद असताना, गावी गेल्यावर खोकला कमी होतो का, आणि कामावर परतताच पुन्हा वाढतो का? उत्तर ‘हो’ असेल, तर खोकल्याच्या बाटल्या बदलण्यात अर्थ नाही. हिवाळ्यात यात शहराची भर पडते. वारा मंद असतो, थंड हवेचा थर खाली बसतो, आणि इंजिनांचा व मालमोटारींचा डिझेलचा धूर धक्क्यावरच रेंगाळतो.

दुसरी गोष्ट बोलायला संकोचाची, म्हणून ऐकू न येणारी. पुरेशी, स्वच्छ आणि जवळची स्वच्छतागृहे नसली, की बायका पाणी पिणेच टाळतात. हिवाळ्यात तहान तशीही कमी लागते. त्यात थंडीमुळे हातापायांतले रक्त आत वळते, मूत्रपिंडांना ते जास्त झालेले वाटते आणि लघवी वाढते. म्हणजे शरीर पाणी बाहेर टाकत असते आणि बाई ते आत जाऊ देत नाही. आलेली लघवीही तासन्‌तास रोखून धरते. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग वारंवार होण्याची कारणे इथे आहेत. मुतखड्यालाही पाण्याची ही कमतरता पोषक ठरते. मासिक पाळीच्या दिवसांत अडचण दुप्पट होते. एखादे धड स्वच्छतागृह बांधल्याने जेवढी मूत्रसंसर्गाची दुखणी थांबतील, तेवढी औषधाच्या दुकानातून थांबणार नाहीत.

पंधरा दिवस समुद्रावर

धक्क्यावरून बोटीकडे पाहिले की दुखण्यांचे स्वरूप बदलते. मोठे ट्रॉलर आठ-दहा दिवस, कधी पंधरवडा समुद्रावर असतात. तांडेल बहुधा किनाऱ्यावरचा असतो, खलाशी मात्र दुरून आलेले. रत्नागिरीकडच्या बोटींवर नेपाळी खलाशी आता नवलाई राहिलेले नाहीत. जाळे दिवसरात्र ठरावीक तासांनी ओढायचे असते, त्यामुळे सलग झोप नाही. जेवण भात-मासळीचे, मीठ जास्त. जागे राहायला तंबाखू.

हिवाळ्यात रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो; हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात थंडीत वाढतात हे जगभर दिसून आले आहे. तंबाखू त्याच रक्तवाहिन्या आणखी आवळते. अशात रक्तदाबाची गोळी तुटली तर धोका वाढतो. आणि ती तुटतेच, कारण दवाखान्याचा दिवस ठरलेला असतो आणि बोटीचा दिवस समुद्र ठरवतो. धक्क्याला लागल्यावर दोन दिवसांत बर्फ, डिझेल, पाणी भरून बोट पुन्हा निघते. त्या दोन दिवसांत रांगेत उभे राहून गोळ्या आणणे बहुतेकांना जमत नाही.

थंडी वाजते म्हणून केबिनची दारे बंद करून पाच-सहा जण दाटीने झोपतात. एकाला क्षय असेल तर इतरांना होण्यासाठी याहून सोयीची जागा नाही. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला घेऊन बोटीवर चढू नये, हा नियम तांडेलाने पाळला तर पुष्कळ साधेल. क्षयाचे उपचार आता देशात कुठेही सुरू ठेवता येतात, कारण रुग्णाची नोंद ‘नि-क्षय’ या एकाच प्रणालीत होते. पोषणासाठी महिन्याला एक हजार रुपयेही मिळतात. उडुपीहून रत्नागिरीला आलेल्या खलाशालाही ते लागू आहे, हे त्याला कुणीतरी सांगायला हवे.

बंद केबिनमध्ये शेगडी किंवा स्टोव्ह पेटता ठेवून झोपणे जिवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मासळीच्या खणाचा धोका याहून फसवा. बर्फ संपून मासळी कुजली की बंद खणात हायड्रोजन सल्फाइड साठतो आणि प्राणवायू कमी होतो. सडक्या अंड्याचा वास येतो, पण वायूचे प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि ‘वास गेला’ असे वाटते. पहिला माणूस उतरतो, कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. अशा अपघातांत मदतीला धावलेलाच जीव गमावतो. झाकण उघडून खण बराच वेळ हवेशीर करणे, आणि कोसळलेल्याच्या मागे उघड्या तोंडाने कधीही न उतरणे, हे दोन नियम प्रत्येक खलाशाला पाठ हवेत.

काट्यांबाबतही थोडे. शिंगाळ्याचा किंवा पाकटाचा विषारी काटा लागला तर बर्फ लावू नये. हाताला सोसेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवावा. वेदना बऱ्याच कमी होतात. बोट बधिर असेल तर पाणी दुसऱ्याने तपासावे, नाहीतर पोळते. त्यानंतर धनुर्वाताची लस. जाळ्यातून येणारा समुद्रसाप चावला तर चावल्याची जागा फारशी दुखत नाही, पण काही तासांत अंग आखडते, लघवी काळसर होते. आपल्याकडची नेहमीची सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते, समुद्रसापावर नाही. म्हणून बोट तातडीने किनाऱ्याकडे वळवून मोठे रुग्णालय गाठणे, हाच उपाय.

योजनांच्या फटीतून

सरकारी योजना नाहीत असे नाही. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांसाठी सामूहिक अपघात विमा आहे : मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास पाच लाख रुपये, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख, अपघाताने रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास पंचवीस हजारांपर्यंत. पण हा विमा अपघाताचा आहे. बोट बुडणे अपघात. बोटांची पकड वीस वर्षांत हळूहळू जाणे अपघातात बसत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना मोठ्या आजारात, दाखल झाल्यावर आधार देते. बधिर बोट, सुजलेली चीर, कोरडा खोकला यांसाठी कुणी दाखल होत नाही.

राज्य कामगार विम्याचे छत्र पगारपत्रकावर नाव असलेल्यांना मिळते. कोळंबी सोलणारी बाई किलोमागे मजुरी घेते, ठेकेदाराकडून, रोखीने. तिचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नसते. नव्या कामगार संहितांनी चाळिशीपुढील कामगारांच्या वार्षिक मोफत तपासणीची तरतूद केली आहे. ती चांगली आहे. पण तपासणी कुणी करून द्यायची? मालकाने. या बाईचा मालक कोण : बोटीचा नाखवा, माल घेणारा व्यापारी, निर्यात करणारी कंपनी, की मधला ठेकेदार? या प्रश्नाचे उत्तर लेखी होत नाही तोवर संहितेतला हक्क बंदराच्या फाटकाबाहेरच राहील. मासेमारीतील कामाबद्दलचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार २००७ मध्ये तयार झाला. त्यात खलाशांची वैद्यकीय तपासणी, विश्रांतीचे तास, बोटीवरची औषधपेटी यांचे नियम आहेत. आशियात थायलंडने तो २०१९ मध्ये स्वीकारला. भारताने अद्याप मान्यता दिलेली नाही.

हातमोजे का टिकत नाहीत

‘त्यांना हातमोजे द्या’ हा उपाय दर वेळी सुचवला जातो. हातमोजे वाटले जातात, फोटो निघतात आणि आठवड्याभरात मोजे कोपऱ्यात पडतात. याला बायकांचे अज्ञान कारणीभूत नाही. जाड मोज्यात कोळंबी निसटते, पातळ मोजा काट्याने फाटतो आणि आत बर्फाचे पाणी साचते. मग मोजा नसलेलाच बरा. मुख्य म्हणजे मजुरी किलोवर आहे. मोजा घालून काम एक-चतुर्थांशाने मंदावले, तर कमाईही तेवढीच घटते. आरोग्याची किंमत तिने स्वतःच्या मजुरीतून द्यावी अशी ही रचना आहे, आणि ती कोणतीही गरीब बाई नाकारणारच.

म्हणून मोज्याबरोबर दर बदलायला हवा. मोजे वापरणाऱ्या गटाला किलोमागे थोडा वाढीव दर देणे निर्यातदारांना अशक्य नाही. परदेशी खरेदीदार स्वच्छतेचे दाखले मागतातच. आतून पातळ सुती आणि वरून जलरोधक असे दुहेरी मोजे, तेही प्रत्येकीच्या हाताच्या मापाचे, हवेत. शेडमध्ये कोमट पाण्याची बादली आणि दर तासाला पाच मिनिटे हात गरम करण्याची मुभा हवी. उकिडवे बसण्याऐवजी कमरेच्या उंचीचे टेबल आणि स्टूल मिळाले, तर गुडघे आणि कंबर वाचेल आणि मालही फरशीपासून दूर राहील. काम संपल्यावर साबण, गोडे पाणी आणि हातांना लावायला खोबरेल किंवा व्हॅसलीन. यातल्या कशालाही मोठे तंत्रज्ञान लागत नाही. आधुनिकीकरणाच्या आराखड्यात लिलावगृहाशेजारी यांची जागा आताच आखली, तर खर्च नगण्य. बांधकाम झाल्यावर आठवण झाली, तर जागाच उरणार नाही.

आरोग्य विभागाकडूनही थोडेच हवे आहे. बंदराजवळच्या दवाखान्याने आठवड्यातून दोन दिवस आपली वेळ लिलावानंतरची ठेवावी. समुद्रावर जाणाऱ्याला रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या एकदम दोन-तीन महिन्यांच्या द्याव्यात. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै बंदी असते, बोटी शाकारलेल्या असतात, माणसे किनाऱ्यावर असतात. वार्षिक तपासणीला याहून चांगला हंगाम नाही. परराज्यांतले खलाशी तेव्हा गावी जातात, म्हणून त्यांची तपासणी ऑगस्टमध्ये बोट निघण्यापूर्वी व्हावी. आणि केसपेपरवरचा व्यवसायाचा रकाना खरा भरला जावा.

मासळी घेताना गिऱ्हाईक कल्ले पाहते, डोळे पाहते, बोटाने दाबून पाहते. मासा ताजा असेल तर त्याला कुठेतरी बर्फ पुरेसा मिळालेला असतो. तो बर्फ उपसणाऱ्या हातांनाही कधीतरी असेच निरखून पाहायला हवे. जांभळे पडलेले बोट आठवड्याभरात ओळखले तर पेनिसिलिनच्या काही मात्रांत बरे होते. झडपेपर्यंत गेले, तर जीव वाचवण्यासाठी महिनाभर खाट अडवावी लागते.